छताचं अस्तर आणि शिकवणीची फी

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या छताचं आतलं अस्तर मालकाने स्वतःच्या हाताने बदलावं का, असा विषय बीडमध्ये काढला तर समोरचा आधी विचारेल, "स्पोर्ट्‌स कार? बीडात?" रास्त आहे. या जिल्ह्याने ट्रॅक्टर पाहिले, टपावर माणसं घेऊन पळणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा पाहिल्या, निवडणुकीत पांढऱ्या स्कॉर्पिओंच्या रांगा पाहिल्या. बुटकी, दोन दारांची, निव्वळ हौसेसाठी बांधलेली गाडी इथल्या रस्त्यांवर निभली नसती. परळीकडचा भाग सोडला तर इथलं सगळं दळणवळण रस्त्यानेच चालत आलं. आष्टीपर्यंत रेल्वे आली २०२२ साली, आणि खुद्द बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अशा ठिकाणी गाडी चैनीची होण्याच्या कितीतरी आधी गरजेची झालेली असते. आणि गरजेची वस्तू बंद पडून चालत नाही, म्हणून ती चालू करून देणारी माणसं नाक्यानाक्यावर तयार होतात.

उघड्या टपाची, कापडी हूडची गाडी म्हणाल तर बीडकरांची स्पोर्ट्‌स कार म्हणजे जीप. आणि 'क्लासिक' म्हणाल तर फियाट. डॉक्टरांची, वकिलांची, मोंढ्यातल्या आडत्यांची फियाट. अशी एखादी गाडी आजही वाड्याच्या ढाळजेत ताडपत्रीखाली उभी असते, विकवत नाही आणि चालवतही नाही अशा अवस्थेत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन आराखड्याची फियाट ११०० बनू लागली, सत्तरच्या दशकात तिचं 'पद्मिनी' असं बारसं झालं. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळही व्यक्त केली. बीडमधल्या फियाटींबद्दल कोणी हळहळलं नाही, कारण त्या गेल्याच नव्हत्या. ढाळजेत होत्या.

आता गंमत अशी की आतल्या छताच्या बाबतीत या फियाटमध्ये आणि जगभरचे हौशी लोक ज्यावर जीव टाकतात त्या जुन्या पोर्शे ९११ मध्ये फारसा फरक नाही. दोन्हींचं अस्तर एकाच युक्तीवर टांगलेलं असतं. कापडाच्या किंवा बारीक भोकांच्या रेक्झिनच्या उलट्या बाजूला आडवे नेफे शिवलेले असतात. प्रत्येक नेफ्यातून पोलादाची एक वाकवलेली सळई जाते. सळईची टोकं छताच्या दोन्ही अंगांना असलेल्या भोकांत अडकतात आणि सळई कमानीसारखी ताठ उभी राहते. मग कापडाच्या चारी कडा ताणून, चिकटवून, काचांच्या रबराखाली दाबून टाकायच्या. बस्स. जर्मनीतल्या श्रीमंताची गाडी असो की बीडच्या डॉक्टरांची, आतून वर पाहिलं तर शिंप्याचंच काम दिसतं.

म्हणून बीडमधून हा विषय मांडायला हरकत नसावी. प्रश्न असा: हे काम मालकाने का करावं?

याचं तयार उत्तर पश्चिमेकडून येतं. एडनमध्ये ब्रिटिश हवाई दलात असलेल्या जॉन हेन्स नावाच्या तरुणाने साठच्या दशकात आपल्या सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी स्पोर्ट्‌स कार पूर्ण सुटी करून पुन्हा जोडायला मदत केली. कंपनीचं माहितीपुस्तक अशा कामाला निरुपयोगी आहे हे लक्षात आल्यावर त्याने प्रत्येक पायरीचे फोटो काढले, आणि १९६६ मध्ये त्यातून घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांसाठीचं त्याचं पहिलं पुस्तक निघालं. पुढे अशा पुस्तकांचा मोठा प्रकाशन व्यवसाय झाला. त्या देशांत हे फोफावलं याचं कारण उघड होतं. तिथे मजुरी महाग. कारागिराच्या एका दिवसाचे पैसे वाचवायचे तर शनिवार-रविवार स्वतःचे कपडे काळे करायचे. 'स्वतः करा' हा तिथला काटकसरीचा मार्ग होता. छंद तो नंतर झाला.

हा हिशेब बीडमध्ये उलटा पडतो. बार्शी नाक्याकडे जा, जालना रोडला जा, कुशनवाल्याच्या दुकानासमोर गाडी लावा. दोन दिवसांत, चार-दोन हजारांच्या मजुरीत अस्तर लागून मिळतं. तेच काम तुम्ही स्वतः केलंत तर कापड वाया जाणार, सुट्ट्या जाणार, आणि शेवटी त्यालाच बोलवावं लागण्याची शक्यता मोठी. पैशाच्या नावाने इथे स्वतः काम करण्याचं समर्थन करणारा माणूस एकतर हिशेबाला कच्चा असतो किंवा त्याने परदेशातले व्हिडिओ फार पाहिलेले असतात.

तरीही मी म्हणतो की हे काम एकदा तरी स्वतः करावं. माझी कारणं वेगळी आहेत, आणि ती समजण्यासाठी आधी काम जवळून पाहायला हवं.

दुपारच्या उन्हात उभ्या फियाटीचं जुनं अस्तर सोडवायला घेतलं की पहिल्यांदा डोक्यावर धूळ पडते. साधी धूळ नसते ती. चाळीस वर्षांची काळी माती, कुजलेल्या गोणपाटाचा भुसा, उंदराने कुरतडलेल्या कापसाचे बोळे, आणि एका कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर, दगडासारखं घट्ट. तोंडाला रुमाल बांधूनही दातांत कचकच लागते. मग सळया दिसतात. इथे अडाणी माणूस घाई करतो आणि सगळ्या सळया ओढून काढून एका कोपऱ्यात रचतो. सगळ्या सारख्याच दिसतात, पण तशा त्या नसतात. छताचा पुढचा उतार वेगळा, मधला फुगवटा वेगळा, मागचा उतार आणखी वेगळा. प्रत्येक सळईचा बाक त्या-त्या जागेपुरता. म्हणून काढतानाच प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून आकडा टाकायचा आणि पुढची बाजू कोणती याची खूण करायची. हे मला सांगितलं ते ज्यांनी आयुष्यभर रिक्षांची हूडं आणि जीपच्या गाद्या शिवल्या अशा एका चाचांनी. त्यांच्या दुकानात आकडे टाकलेली एकही चिकटपट्टी नव्हती. त्यांना सळई हातात घेतल्यावर कळतं.

"सर, जुनं कापड फेकू नका," ते म्हणाले. "तेच तुमचं माप हाय."

जुन्या कापडाची शिवण उसवायची, प्रत्येक तुकडा सपाट करायचा, नव्या रेक्झिनवर उलटा ठेवून खडूने आखायचा. मध्यरेषा आखायला विसरायचं नाही, कारण पुढे सगळं त्या रेषेवर उभं राहतं. कडांना चार बोटं कापड जास्त सोडायचं. नेफे जुन्या जागी, जुन्याच रुंदीचे. ते अर्धा इंच इकडेतिकडे झाले तर सळई आपल्या भोकापर्यंत पोचते खरी, पण कापड तिरकं ओढलं जातं आणि त्याची चुणी मग आयुष्यभर डोक्यावर दिसत राहते.

शिवून झालं की बसवायचं. कडेपासून सुरुवात केली की संपलं. "आधी मधली सळई. तिथून पुढं, तिथून मागं. बाजू शेवटी. बाजू आधी धरल्या की मधी झोळ पडतो." पुढच्या आणि मागच्या काचेचा प्रश्न वेगळाच. कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते, त्यामुळे काम नीट करायचं तर दोन्ही काचा काढाव्या लागतात. परत बसवताना रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी भरतात, रबराला साबणाचं पाणी लावतात, बाहेरून एकाने काच दाबून धरायची आणि आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढत न्यायची. दोरी निघत जाते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत जाते. पाहताना हे इतकं सोपं वाटतं की राग येतो. करताना कळतं की दाबणारा आणि ओढणारा यांचा श्वास जुळला नाही तर काच तडकते. थोडक्यात, 'स्वतः' केलं तरी हे काम एकट्याने होत नाही. सहसा कोणी ते एकट्याने करत नाही, व्हिडिओत दुसरा माणूस बहुधा कॅमेऱ्यामागे असतो एवढंच.

राहिला गोंद. फेविकॉल एसआरसारखा रबराचा गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला लागणार नाही इतपत सुकू द्यायचा, आणि मगच चिकटवायचं. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही. बीडच्या मे महिन्यात हा गोंद ब्रशवरच सुकतो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याखाली हलक्या प्रतीचा गोंद पुढे महिन्याभरात सुटतो. पावसाळ्यात हवेतली ओल त्यावर बसते. म्हणजे काम दिवाळीनंतरचं. सकाळी चिकटवायचं, दुपारच्या कोवळ्या उन्हात गाडी उभी करायची, रेक्झिन नरम पडलं की पुन्हा ताणायचं. दसऱ्याच्या आधी तसंही कोणी तुमच्याकडे पाहणार नाही. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात आणि गॅरेजवाल्यांना ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून डोकं वर काढायला फुरसत नसते.

एवढं तपशिलात सांगायचं कारण असं की माझा मुद्दा या तपशिलातच आहे. या कामात गुप्त असं काही नाही. कुठलंही संगणकीय यंत्र नाही, कंपनीचा परवाना नाही, कुठलाही भाग कुलूपबंद नाही. ज्याने ही गाडी बांधली त्याने ती पुन्हा उघडता येईल अशीच बांधली. पुढच्या पिढीच्या गाड्यांत हे बदललं. सळया गेल्या, त्यांच्या जागी साच्यात दाबलेला पुठ्ठ्यासारखा एकसंध पाट आला, आणि त्यावर फोमचा पातळ थर असलेलं कापड चिकटवलेलं आलं. कारखान्यात हे झटपट होतं. पण फोम उष्णतेने आणि दमटपणाने कुजतो. दहा-पंधरा उन्हाळे गेले की त्याची पिवळट भुकटी होते आणि कापड ड्रायव्हरच्या डोक्यावर उतरतं. मग टाचण्या टोचून ते वर धरून ठेवलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. तेही दुरुस्त होतं: पाट बाहेर काढायचा, भुकटी खरवडायची, नवं कापड चिकटवायचं. मात्र छताच्या कडेने एअरबॅग असलेल्या अगदी नव्या गाडीला घरी हात लावू नये, हे मी स्पष्ट सांगतो. अपघाताच्या क्षणी ती पिशवी अस्तराच्या कडेतून सुटून बाहेर येते, आणि तिथे आपण हौसेने लावलेला गोंद जिवावर बेतू शकतो. तिथे हौस थांबते.

गाड्या अशा हळूहळू मिटत गेल्या, आणि त्या मिटण्याला केवळ तंत्रज्ञान जबाबदार नव्हतं. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. म्हणजे नाक्यावरच्या मेकॅनिकला गाडी येत नाही असं नव्हतं, ती येऊ दिली जात नव्हती. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, संकेतस्थळही सुरू केलं. चांगलं झालं. पण हक्क कागदावर मिळून भागत नाही. वस्तू उघडायची सवय ज्या समाजाची मोडली त्याला दुरुस्तीचा हक्क देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीची मालकी देणं.

ही सवय आपल्याकडे मोडली असं म्हणणंही अर्धंच खरं. आपल्यापैकी काहींना ती कधी लागूच दिली नाही, आणि काहींवर ती जन्मतः लादली गेली. निजामाच्या काळातल्या इंग्रजी गॅझेटियरात बीडची नोंद चामड्याच्या कामासाठी आणि गुप्त्यांसाठी आहे. बीडच्या छागली, म्हणजे पाण्याच्या चामडी पिशव्या, नावाजलेल्या होत्या. ते काम करणारे हात कोणत्या घरांतले होते हे सांगायची गरज नाही. त्यांची छागल उन्हातान्हात गार पाणी द्यायची आणि त्यांना मात्र गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. १९१५ साली निघालेल्या 'गावगाडा'त त्रिंबक नारायण आत्र्यांनी बलुतेदारीचं बारीक वर्णन करून ठेवलं आहे. त्यात प्रत्येक कसबाला एक जात आहे आणि प्रत्येक जातीला एक पायरी. चामडं गेलं, रेक्झिन आलं, तरी रापी धरणारा आणि सही करणारा यांच्यातलं अंतर फारसं कमी झालं नाही.

या अंतरावर शिक्षणाने पूल बांधायचा प्रयत्न केला. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. त्या योजनेचं आपण काय केलं? 'कार्यानुभव' नावाचा तास केला. माझ्या पिढीतल्या कोणालाही विचारा, त्या तासाला काय झालं. घोटीव कागदाची फुलं झाली, खडू झाले, आणि बहुतेक वेळा गणिताच्या सरांनी तो तास घेतला. आता २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, त्यांनी स्थानिक कारागिरांकडे जावं म्हणून. हेतू उत्तम. बीडच्या किती पालकांना आपला मुलगा दहा दिवस कुशनच्या दुकानात बसलेला चालेल, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावं.

ऑफिसात बसणाऱ्या, गाडी बाळगणाऱ्या माणसाने एकदा स्वतः छताचं अस्तर लावावं असं मी म्हणतो ते म्हणून. ते लावताना पहिल्या तासाभरात त्याला कळतं की ज्याला तो 'साधं काम' म्हणत होता त्यात बुद्धी आहे. ती पुस्तकातल्या बुद्धीहून कमी नाही, फक्त ती बोलत नाही. रेक्झिन किती ताणलं की पुरे, हे बोटांना कळतं आणि तोंडाला सांगता येत नाही. घासाघीस करणारा माणूस नेमकं हेच पाहत नसतो. तो कापडाचा भाव जाणतो, गोंदाचा डबा कितीला येतो हे जाणतो, आणि उरलेलं सगळं 'नुसती मजुरी' म्हणून दोनशे रुपये कमी करायला सांगतो. त्याच्या लेखी जे कापड नाही आणि गोंद नाही ते काहीच नाही.

याच्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला: हे भरल्या पोटाच्या माणसाचे चोचले आहेत. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जातात, तिथे 'हाताने काम करण्याची गोडी' हा शब्दप्रयोग तोंडातून काढू नये. मान्य. ऊसतोड बाईला हातांची थोरवी कोणी सांगू नये, तिला हातांना विसावा हवा आहे. मीही तिला सांगत नाही. हा लेख तिच्यासाठी नाहीच. ज्याच्याकडे जुनी गाडी ढाळजेत उभी करून ठेवण्याइतकी जागा आणि पैसा आहे, त्याच्यासाठी आहे. श्रमाची महती श्रम करणाऱ्यालाच ऐकवायची ही आपली जुनी खोड आहे. ती उलट दिशेने वळवली पाहिजे.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. तुम्ही स्वतः अस्तर लावलंत तर कुशनवाल्याचं काय? आधीच त्याचं काम आटलं आहे. तयार सीट कव्हरं घरपोच येतात, नव्या गाडीचं छत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अख्खं बदललं जातं, आणि त्याची मुलं हे दुकान पुढे चालवणार नाहीत. अशा वेळी जे दोन-चार जुन्या गाड्यांचे गिऱ्हाईक उरले तेही 'मी स्वतः करतो' म्हणून घरी बसले तर आपण त्याच्या ताटातली भाकर काढून आपला छंद पोसला असं होईल.

हा आक्षेप टाळता येत नाही, पण त्याला उत्तर आहे. कारागिराकडे कामासाठी जाऊ नका, शिकायला जा, आणि शिकण्याचे पैसे द्या.

आपल्या भागात शिकवणीची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शेजारी क्लासेसचं लातूर आहे. मुलाला नीटच्या क्लासला घालताना वर्षाचा आकडा ऐकून बाप घाम पुसतो, जमीन गहाण टाकतो, पण 'सर, थोडं कमी करा ना' म्हणून रस्त्यावर अडून बसत नाही. ती विद्या आहे, आणि विद्येला फी असते हे त्याने मानलेलं आहे. तोच बाप संध्याकाळी कुशनच्या दुकानात जातो आणि चाळीस-चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाशी शंभर रुपयांवरून वाद घालतो. एकीकडे फी, दुसरीकडे मजुरी. फी ठरलेली असते आणि मजुरी पाडता येते. हा फरक कामातल्या अवघडपणाने पडलेला नाही. ते काम कोण करतं, खुर्चीवर बसून करतं की जमिनीवर बसून करतं, यावरून पडलेला आहे.

मी चाचांना फी विचारली तेव्हा ते हसले. "शिकायचे कसले पैसे, सर? बसा, चहा घ्या." मला हे उत्तर आवडलं नाही. ते दिलदार होते हे खरं, पण त्या दिलदारीच्या तळाशी एक गोष्ट होती जी आपणच त्यांच्या मनात भरवली आहे: की त्यांच्याकडे विकण्यासारखं जे आहे ते फक्त रेक्झिन आहे. त्यांच्या पोराने हा धंदा सोडून शहरात डिलिव्हरीची नोकरी धरली तर त्यात नवल काय? बापाच्या हातात विद्या आहे असं त्याला आजवर कोणी पैशाच्या भाषेत सांगितलेलंच नाही.

फी दिली की आणखी एक गोष्ट घडते. शिकवणाऱ्याला सांगावं लागतं. जे हातांनी कळतं ते शब्दांत आणावं लागतं. सळईवर आकडा टाकण्याची युक्ती चाचांनी स्वतःसाठी कधीच वापरली नाही, ती त्यांनी मला समजावं म्हणून सांगितली. हेन्सने स्प्राइट सुटी करताना फोटो काढले नसते तर ते ज्ञान एडनच्या वाळूत राहिलं असतं. आपल्याकडे असं किती ज्ञान दुकानाच्या मालकाबरोबर कबरीत किंवा सरणावर गेलं आहे याचा हिशेब नाही. मराठीत स्वयंपाकाची पुस्तकं घरोघरी आहेत, कारण तिथे शिकवणारी आणि शिकणारी दोघीही घरातल्या होत्या. जीपचं हूड कसं बेतावं यावर मराठीत पुस्तक सापडणं कठीण. ज्याला लिहिता येत होतं त्याने हूड शिवलं नाही, आणि ज्याने शिवलं त्याला कोणी लिहायला सांगितलं नाही.

मुंबईत २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाचा एक उपक्रम झाला. तरुण चित्रकारांनी पद्मिनी टॅक्सींच्या गाद्या आणि छतांसाठी चित्रांची कापडं तयार केली, आणि मागच्या सीटवर बसलेला प्रवासी मान वर करून छत पाहू लागला. चित्रकारांचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. मला कुतूहल आहे ते ते कापड सुरकुती न पडता त्या वाकड्या छतावर बसवणाऱ्या हातांचं.

जाता जाता अस्सलपणाच्या हट्टाबद्दल. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक पंथ असा आहे की कापड तेच हवं, रंग तोच हवा, भोकांची नक्षीसुद्धा कारखान्यातली हवी. केंद्र सरकारचे २०२१चे नियम इतके कडक नाहीत. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. त्यासाठी वीस हजार रुपये भरावे लागतात, नोंदणी दहा वर्षं चालते, आणि गाडी रोजच्या वापराला न काढता प्रदर्शनाला, रॅलीला काढायची असते. मूळ रूप म्हणताना नियमाचा रोख चासी, सांगाडा आणि इंजिन यांत फेरफार नसावा यावर आहे. अस्तराच्या कापडावर कोणी अडून बसत नाही. अगदी पहिल्या पद्मिनी आता या पन्नाशीत आल्या आहेत. त्यांना बीडच्या बाजारात मिळणारं भोकांचं रेक्झिन लावलं म्हणून त्या बाटत नाहीत. उलट, जी गाडी दुरुस्त करायला परदेशातून कापड मागवावं लागतं ती जपली जात नाही, झाकून ठेवली जाते.

आणि अस्तर हा गाडीचा असा भाग आहे की तो बाहेरच्या कोणाला दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात गाडी बहुतेक बाहेरून दिसण्यासाठीच घेतली जाते: काचा काळ्या, क्रमांक खास, पुढे गार्ड. छत मात्र आत बसणाऱ्यापुरतं. त्यावर वेळ घालवणाऱ्याला रस्त्यावर कोणी सलाम ठोकत नाही. मला तरी यात या कामाची प्रतिष्ठा दिसते.

तर ज्यांच्या वाड्यात अशी गाडी ताडपत्रीखाली आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. या वर्षी दिवाळी झाली की ताडपत्री काढा. नव्या गाडीचं, एअरबॅगवाल्या छताचं काम मनात असेल तर ते सोडा. जुनी असेल तर आधी कापड घेऊ नका, आधी कुशनच्या दुकानात जा आणि विचारा, "चाचा, मला हे शिकवायचं काय घ्याल?" ते 'काही नको' म्हणतील. तुमच्या पोराच्या शिकवणीचे तासाला जेवढे पडतात तेवढे धरा, आणि पहिल्या दिवशीच हातावर ठेवा.